एसएमपीएस आधी निवडा, बाकीचं मग : इंदूरच्या घरात दमदार डेस्कटॉप उभारणाऱ्यांसाठी

रामबागेतल्या आमच्या घरी मी इंटिरियरचं काम करते. नकाशे, घरांची त्रिमितीय चित्रं, ग्राहकाला दाखवायचे छोटे व्हिडिओ असं सगळं एकाच डेस्कटॉपवर चालतं. काम वाढलं तेव्हा मी आहे त्याच संगणकात आरटीएक्स ४०७० टीआय हे ग्राफिक्स कार्ड बसवलं. दुसऱ्या दिवसापासून एकच प्रकार सुरू झाला. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करणं) लावायचं, मिनिटभर पंखे जोरात फिरायचे आणि खट्‌कन सगळं बंद. ना निळा पडदा, ना कसली सूचना. लाईट गेल्यासारखं व्हायचं, पण खोलीतला पंखा मात्र फिरतच असायचा.

पुढचे तीन आठवडे मी चुकीच्या जागी शोधत होते. रॅम बदलून पाहिली, विंडोज दोनदा नव्यानं टाकलं, कार्ड परत करायच्या बेतात होते. शेवटी एका रविवारी कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसवरचं, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना पुरवणाऱ्या डब्यावरचं, लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘६०० वॅट’ होतं. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर ३८ ॲम्पियर लिहिलेलं होतं. १२ गुणिले ३८ म्हणजे ४५६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळूनच ४२७ वॅट मागत होते. दोष कार्डाचा नव्हता, रॅमचाही नव्हता.

आपल्याकडे संगणक जुळवताना प्रोसेसर, कार्ड, रॅम, अगदी रंगीत दिव्यांचे पंखेसुद्धा मन लावून निवडले जातात आणि उरलेल्या पैशांत ‘कोई भी एसएमपीएस डाल दो’ म्हणून विषय संपतो. हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत झालं आहे. ज्या भागातून यंत्रातल्या प्रत्येक सुट्या भागाला वीज मिळते, तो सगळ्यात शेवटी आणि न बघता घेऊ नका. पहिल्यांदाच असा संगणक जुळवणाऱ्यांनी खालच्या पायऱ्या जमतील तितक्या क्रमानं कराव्यात.

हाताशी काय असावं

- प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि कॅबिनेट यांची पूर्ण मॉडेल नावं. ‘आरटीएक्सवालं कार्ड’ एवढं पुरत नाही, कारण ४०७०, ४०७० सुपर आणि ४०७० टीआय यांची भूक वेगवेगळी आहे.
- कॅबिनेटच्या माहितीपत्रकातली एसएमपीएसची जास्तीत जास्त लांबी.
- एक चांगला फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, केबल बांधायचे टाय, आणि केबलवर नाव लिहायला कागदी टेप.
- घरातल्या सॉकेटची तपासणी करायला मल्टीमीटरवाला वायरमन. ही वस्तू नाही, पण यादीत हवीच.
- जुन्या एसएमपीएसची वॉरंटी चालू असेल तर त्याचं बिल.

१. कागदावर बेरीज करा

संगणकात वीज खाणारे मोठे दोनच, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. बाकीच्यांची बेरीज सरसकट धरली तरी चालते.

प्रोसेसरच्या खोक्यावरचा आकडा फसवा असतो. एएमडीच्या रायझन ७ ७७००एक्सवर १०५ वॅट लिहिलेलं असतं, पण पूर्ण जोरात तो १४२ वॅटपर्यंत जातो. रायझन ९ ७९५०एक्सवर १७० लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष मर्यादा २३० ची. इंटेलच्या कोअर आय९ १४९००केची मूळ शक्ती १२५ वॅट, पण टर्बोमधली कमाल २५३ वॅट. हिशोबात नेहमी मोठा आकडा धरा. इंटेलच्या माहितीत तो ‘कमाल टर्बो पॉवर’ म्हणून असतो, एएमडीच्या बाबतीत ‘पीपीटी’ शोधा.

ग्राफिक्स कार्डाचा आकडा कंपनीच्या पानावर सरळ मिळतो. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० हे २५० वॅटचं, ५०७० टीआय ३०० चं, ५०८० हे ३६० चं आणि ५०९० तर ५७५ वॅटचं. एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी ३०४ वॅटचं. पंखे आणि वेग (क्लॉक) वाढवून विकलेली कार्डं याहून थोडं जास्त ओढतात, म्हणून तुमच्या नेमक्या कार्डाचं पान बघा.

मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे, पाण्यावरच्या कूलरचा पंप, यूएसबीला लावलेल्या वस्तू या सगळ्यांचे मिळून ८० ते १०० वॅट धरा.

उदाहरण घेऊ. रायझन ७ ७८००एक्स३डी (१६२), आरटीएक्स ५०७० टीआय (३००) आणि बाकीचं ८०. बेरीज ५४२. यावर साधारण तिसरा हिस्सा ते निम्मं वाढवायचं, म्हणजे ७२० ते ८१०. बाजारात ७५० वॅट सहज मिळतो आणि एनव्हिडियाही या कार्डासाठी ७५० चीच शिफारस करते. पुढे मोठं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ८५० घ्या. आय९ १४९००के आणि ५०९० अशी जोडी असेल तर बाकीचं १०० धरून बेरीजच ९२८ होते. तिथे कंपनीची किमान शिफारस १००० ची आहे, पण मी १२०० च्या खाली जाणार नाही.

हा वाढीव हिस्सा कशासाठी? कार्डाचा छापील आकडा सरासरी असतो. काम सुरू असताना क्षणाच्या लहानशा तुकड्यात कार्ड त्याच्या दुपटीजवळही उडी मारू शकतं. मीटरवर ही उडी दिसत नाही, पण एसएमपीएसच्या आतल्या संरक्षणाला दिसते आणि ते यंत्र बंद करतं. माझ्याकडे नेमकं हेच होत होतं.

एक शंका मला सासूबाईंपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारली. ‘मोठा एसएमपीएस आणला म्हणजे बिलही मोठं येणार ना?’ नाही. ८५० वॅट ही त्याची ताकद आहे, खप नव्हे. संगणक २०० वॅट मागत असेल तर तो २०० आणि वर थोडं आपल्या नुकसानीपुरतं, एवढंच घेतो.

२. लेबल वाचायला शिका

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे घाई करू नका.

प्रत्येक एसएमपीएसच्या एका बाजूला तक्ता असतो. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबाय असे रकाने असतात. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. म्हणून फक्त १२ व्होल्टखालचे ॲम्पियर बघा आणि १२ ने गुणा. चांगल्या ७५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ६२ ॲम्पियरच्या आसपास असतं, म्हणजे जवळजवळ सगळेच्या सगळे ७५० वॅट १२ व्होल्टवर मिळतात. हा गुणाकार छापील वॅटच्या बराच खाली आला, तर ते डिझाइन जुनं आहे किंवा आकडा फुगवलेला आहे असं समजा. कॅबिनेटबरोबर ‘फ्री’ येणाऱ्या एसएमपीएसची हीच कथा असते.

दुसरी फसगत दोन रकान्यांची. काही लेबलांवर १२व्ही१ आणि १२व्ही२ असे दोन रकाने असतात, समजा १८ आणि २० ॲम्पियर. दोघांची बेरीज करून ३८ धरू नका. शेजारी किंवा खाली दोन्ही मिळून जास्तीत जास्त किती वॅट ते लिहिलेलं असतं, तोच आकडा खरा.

तिसरी गोष्ट इनपुटची. ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असेल तर उत्तम. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्या गल्लीत कूलर आणि एसी सुरू झाले की विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो, तेव्हा हा रुंद पल्ला उपयोगी पडतो. अशा एसएमपीएसमध्ये बहुधा ॲक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं. मागच्या बाजूला ११५ आणि २३० निवडायचं छोटं लाल बटण दिसलं तर तो एसएमपीएस जुन्या धाटणीचा आहे. नवीन यंत्रासाठी तो घेऊच नका, आणि घरात असलेल्यावर ते बटण ११५ वर नेऊन ‘बघू काय होतं’ हा प्रयोग अजिबात करू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. आतला भाग तिथल्या तिथे फुटतो.

चौथी गोष्ट तापमानाची. चांगल्या कंपन्या ‘५० अंशांवर अखंड पूर्ण वॅट’ असं सांगतात, काही ४० अंशांवरचा आकडा देतात आणि काही गप्प बसतात. इंदूरला मे महिन्यात बाहेरचाच पारा ४० च्या वर जातो. कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. इथल्या माणसानं ५० अंशवालाच शोधावा.

संरक्षणांची नावंही बघून ठेवा. ओव्हीपी, यूव्हीपी, ओपीपी, एससीपी, ओसीपी आणि ओटीपी. म्हणजे दाब वाढला, दाब घसरला, भार वाढला, शॉर्ट झालं, प्रवाह वाढला, तापमान वाढलं, तर एसएमपीएस स्वतः बंद होतो आणि पुढचं सामान वाचतं. स्वस्त मालात यातलं ओटीपी हमखास गायब असतं.

३. सोनेरी स्टिकरचा अर्थ तेवढाच घ्या

‘८० प्लस’ हा कार्यक्षमतेचा दाखला आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला मिळाली आणि किती उष्णता होऊन गेली, एवढंच तो सांगतो. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझसाठी ८५ टक्के आणि गोल्डसाठी ९० टक्के लागतात. आपल्या २३० व्होल्टवर आकडे थोडे चांगलेच येतात. चाचणी २३ अंशांवर होते, हे मात्र लक्षात असू द्या.

फरक किती पडतो तो काढून बघा. संगणक ४०० वॅट खात असेल तर ब्राँझवाला भिंतीतून साधारण ४७१ घेईल आणि गोल्डवाला ४४४. रोज पाच तास काम केलं तर वर्षाला अठ्ठेचाळीसेक युनिट वाचतात. तुमच्या बिलातल्या दरानं गुणा आणि दोघांच्या किमतीतल्या फरकाशी ताडून बघा. दिवसभर रेंडर चालत असेल तर गोल्ड परवडतो. संध्याकाळी तासभर खेळण्यापुरता संगणक असेल तर चांगल्या कंपनीचा ब्राँझही पुरे. प्लॅटिनम आणि टायटॅनियमच्या वाटेला मी गेले नाही.

स्टिकर खोटाही असू शकतो. ‘८५ प्लस’सारखी मिळतीजुळती नक्षी दिसली की सावध व्हा. ८० प्लसच्या संकेतस्थळावर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, तिथे नाव शोधा. सायबेनेटिक्स नावाची दुसरी चाचणीसंस्था आवाजाचाही दर्जा देते. रात्री झोपायच्या खोलीत काम करणाऱ्यांनी तो जरूर बघावा.

आणि एकाच ब्रँडची सगळी मॉडेलं सारखी नसतात. एकाच नावाखाली साधी मालिकाही असते आणि उत्तमही. बऱ्याच ब्रँडचा माल दुसरेच कारखाने बनवतात. म्हणून ‘अमुक कंपनी चांगली’ यावर थांबू नका, त्या मॉडेलची उघडून केलेली तपासणी वाचा.

४. कनेक्टर मोजा

मदरबोर्डचा २४ पिनांचा कनेक्टर सगळ्यांकडे असतो. प्रोसेसरसाठी ८ पिनांचा वेगळा लागतो आणि मोठ्या बोर्डांवर असे दोन असतात. आपल्या बोर्डाचं चित्र बघून मोजा.

ग्राफिक्स कार्डाचा जुना ८ पिनांचा कनेक्टर १५० वॅटसाठी असतो, ६ पिनांचा ७५ साठी, आणि मदरबोर्डच्या खाचेतून आणखी ७५ मिळतात. कार्डावर दोन ८ पिनांच्या जागा असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आणा. एकाच केबलला पुढे दोन तोंडं असतात ती सोय दिसते, पण मोठ्या कार्डाला ती लावून सगळा भार एका केबलवर टाकू नका.

नव्या एनव्हिडिया कार्डांना १६ पिनांचा लहानसा कनेक्टर लागतो, तो ६०० वॅटपर्यंत नेतो. आधी त्याला १२व्हीएचपीडब्ल्यूआर म्हणत. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० च्या काही कार्डांवर तो वितळल्याच्या तक्रारी आल्या आणि तो पूर्ण आत न बसणं हे एक मोठं कारण निघालं. पुढे सुधारलेला १२व्ही-२एक्स६ आला. त्यात माहिती देणाऱ्या छोट्या पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे कनेक्टर अर्धवट बसला असेल तर कार्ड जास्त वीज मागतच नाही. म्हणून नवीन एसएमपीएस घेताना खोक्यावर ‘एटीएक्स ३.१’ हे प्रमाण लिहिलेलं बघा. एटीएक्स ३.० पासूनच्या प्रमाणात त्या क्षणिक उड्यांचाही विचार आहे. अशा एसएमपीएसनं १०० मायक्रोसेकंदांसाठी आपल्या ताकदीच्या दुप्पट भार झेलायला हवा.

आकाराचं थोडक्यात. साध्या एटीएक्स एसएमपीएसची रुंदी १५० मिलिमीटर आणि उंची ८६ असते, लांबी मात्र बदलते. ताकद वाढली की लांबी वाढते आणि मागून निघणाऱ्या केबलनाही चार बोटं जागा हवी असते.

५. घरची वीज : ही पायरी गाळू नका

जुन्या इंदूरमधल्या घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकामागे कधीकधी तारच नसते. आमच्याकडे तसंच होतं. कॅबिनेटच्या स्क्रूला हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या. आई म्हणायची, ‘पायात चप्पल घालून बस.’ कित्येक वर्षं आम्ही चपला घालूनच संगणकावर बसलो.

त्या झिणझिण्यांचं कारण साधं आहे. एसएमपीएसच्या दाराशीच विजेतला गोंधळ गाळणारी छोटी कॅपॅसिटरं असतात आणि त्यांचा एक पाय अर्थिंगला जोडलेला असतो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटचा पत्रा मुख्य दाबाच्या जवळजवळ निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असल्यानं झटका बसत नाही, नुसती झिणझिण जाणवते. पण उद्या आत खरोखर काही बिघडलं तर वीज जायला तुमच्या शरीराखेरीज वाट नसते. चपलेनं तो धोका टळत नाही.

वायरमनला बोलवून तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास यावं. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यावं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी थोडं, दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. दुसरं माप भलतंच कमी आलं तर अर्थिंग तुटलेलं आहे. वीजफलकात स्वतः हात घालू नका.

इथे एक धोकादायक शॉर्टकट चालतो. खड्डा खणून अर्थिंग करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून सॉकेटच्या आतच न्यूट्रलमधून तार काढून अर्थच्या पिनेला जोडतात. मीटरवर मापं सुंदर येतात. पण कुठे मागे न्यूट्रल तुटली की संगणकाचा सगळा पत्रा २३० व्होल्टवर येतो. माझ्या घरी आलेल्या पहिल्या कारागिरानं हेच सुचवलं होतं. मी नाही म्हटलं आणि दुसऱ्याकडून अंगणात अर्थिंगचा खड्डा करून घेतला. तुम्हीही सॉकेट उघडून समोर बघा. अर्थची हिरवी तार फलकापर्यंत स्वतंत्र गेली पाहिजे.

सॉकेटच्या ताकदीची काळजी मात्र फार करू नका. हजार वॅट म्हणजे २३० व्होल्टवर साडेचार ॲम्पियरच्या आत, त्यामुळे चांगलं ६ ॲम्पियरचं सॉकेट चालतं. बारीक तारेचं स्वस्त एक्स्टेन्शन नको, आणि संगणकाच्याच बोर्डावर इस्त्री किंवा खोलीतला कूलर अजिबात नको.

कूलरवरून आठवलं. पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नका. ओलावा आणि धूळ एकत्र आत जाऊन एसएमपीएसच्या जाळीवर चिखलाचा थर बसतो. आपलं शहर २०१७ पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर राहिलं म्हणून घरातली धूळ थांबत नाही. महिन्याला एकदा जाळी काढून झटका.

जूनमध्ये पहिला गडगडाट सुरू झाला की स्पाइक गार्डवर विसंबून राहू नका. तोही आपलं काम नीट करायला अर्थिंगच मागतो. प्लग काढून ठेवा. इंटरनेटची तांब्याची तार बाहेरून येत असेल तर तीही काढा.

६. यूपीएसशी जोडी जमवा

यूपीएसवर मोठ्या अक्षरात व्हीए (व्होल्ट-ॲम्पियर) असतं, वॅट नव्हे. ११०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर वॅट पाहिलेत तर बहुधा ६६० निघतात, ६०० व्हीएवर ३६०. पहिल्या पायरीतली बेरीज आणि मॉनिटर मिळून जे वॅट येतील, त्याहून यूपीएसचे वॅट जास्त हवेत. नाहीतर लाईट जाताच यूपीएस शिट्टी मारून संगणकासकट बंद पडतो.

स्वस्त यूपीएस बॅटरीवर असताना शुद्ध लहर देत नाहीत, पायऱ्यापायऱ्यांची देतात. ॲक्टिव्ह पीएफसीवाले काही एसएमपीएस अशा लहरीवर बंद पडतात. मोठं यंत्र असेल तर प्युअर साइन वेव्हचाच घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तोही प्युअर साइनचा हवा आणि मागचं बटण ‘यूपीएस मोड’वर हवं. दुसऱ्या मोडमध्ये बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि संगणक तेवढ्यात पुन्हा सुरू होतो. एटीएक्स ३.१ च्या प्रमाणात पूर्ण भारावर एसएमपीएसनं वीज नसताना १२ मिलिसेकंद तग धरावा एवढीच अपेक्षा आहे.

७. दुकानात

आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडच्या बाजूला जाल तेव्हा मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून न्या आणि त्यावर ठाम राहा. ‘वो तो नहीं है, ये उससे भी अच्छा है’ हे वाक्य येणारच. मग लेबल मागा, १२ व्होल्टचा गुणाकार तिथेच करा, आणि पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी या. मी दोनदा रिकाम्या हातानं परत आले. तिसऱ्या वेळी हवं ते मिळालं.

बिल पक्कं घ्या. जीएसटीविना थोडं स्वस्त मिळतं, पण एसएमपीएसवर पाच, सात, काहींवर दहा वर्षांची वॉरंटी असते आणि एवढ्या वर्षांनी कच्ची चिठ्ठी कोणी विचारत नाही. बिलावर मॉडेल आणि सिरियल नंबर दोन्ही लिहून घ्या, खोक्यावरच्या नंबराशी दुकानातच जुळवा. छापील शाई दोन उन्हाळ्यांत उडते, म्हणून त्याच संध्याकाळी फोटो काढून ठेवा. वॉरंटीसाठी सामान कुठे द्यायचं, इंदुरात की बाहेर पाठवायचं, तेही आधीच विचारा.

वापरलेला एसएमपीएस घेऊ नका. कार्ड जुनं घेतलं तर एक वेळ चालेल. एसएमपीएसच्या आतली कॅपॅसिटरं किती थकली आहेत ते बाहेरून कळत नाही.

८. बसवताना

जुना एसएमपीएस काढून नवा बसवणार असाल तर एक गोष्ट मनात पक्की करा. जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला लावायच्या नाहीत. कॅबिनेटमध्ये छान बांधलेल्या केबल दिसतात, नव्या एसएमपीएसच्या भोकात त्या बसतातही. पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनेवर १२ व्होल्ट आणि कुठल्यावर ५, याचं सर्व कंपन्यांत एकच असं प्रमाण नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही ते बदलू शकतं. मी डिस्कला वीज देणारी सॅटाची एक जुनी केबल तशीच ठेवली आणि बटण दाबताच एक एसएसडी गेली. त्यात एका ग्राहकाच्या फ्लॅटचे सगळे आराखडे होते. सुदैवानं आदल्या रात्रीची प्रत दुसऱ्या डिस्कवर होती. सगळ्या केबल उपटा आणि खोक्यातल्या नव्याच लावा.

प्लग काढा, मागचं बटण बंद करा आणि मिनिटभर थांबा. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा दाब राहू शकतो.

कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल तर पंख्याचं तोंड खाली ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर कॅबिनेट ठेवत असाल तर मात्र आधी खाली लाकडी पाट सरकवा.

प्रोसेसरचा ८ पिनांचा आणि कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर दिसायला भावंडं आहेत. केबलवर ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआयई’ छापलेलं असतं, ते वाचूनच लावा. अडलं तर जोर करू नका, कारण बहुतेक वेळा केबलच चुकीची असते.

१६ पिनांचा कनेक्टर कडेपर्यंत सरळ दाबा. बसल्यावर बाजूनं टॉर्च धरून बघा, फट दिसता कामा नये. तोंडापासून साडेतीन-चार सेंटीमीटर तार सरळच ठेवा आणि त्यानंतर वळवा. काचेचं झाकण तारेला दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, आणि त्यावर उपाय कॅबिनेट बदलण्याचाच आहे.

९. परत करायची मुदत संपायच्या आत चाचणी घ्या

सुरू केल्यावर एसएमपीएसचा पंखा फिरत नाही म्हणून घाबरू नका. कमी भारावर पंखा थांबवून ठेवणारी मॉडेलं बरीच आहेत. काहींच्या मागे त्याचं बटण असतं. उन्हाळ्यात मी ते बंद ठेवते, म्हणजे पंखा सतत फिरतो.

ओसीसीटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर’ चाचणी आहे, ती प्रोसेसर आणि कार्ड दोघांना एकदम जुंपते. अर्धा तास चालवा, आणि दुपारी चालवा. पहाटेच्या गारव्यात पास झालेला एसएमपीएस मे महिन्याच्या दुपारी नापास होऊ शकतो. सोबत एचडब्ल्यूइन्फो हे मापं दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून १२ व्होल्टची ओळ बघत राहा. साधारणपणे ती ११.४ ते १२.६ च्या मध्ये हवी. मदरबोर्डचं हे माप अगदी काटेकोर नसतं, पण भार चढताच ती धाडकन खाली जात असेल तर दुकानदाराला दाखवायला पुरावा मिळतो. जळका वास किंवा तडतड आली तर चाचणी पुरी व्हायची वाट न बघता प्लग काढा.

यंत्र मध्येच बंद पडलं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडेल. तिचा अर्थ एवढाच, की विंडोजला नीट बंद व्हायला वेळ मिळाला नाही. तिच्यावरून लगेच एसएमपीएसला दोषी ठरवू नका. आधी कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणून तेच काम पुन्हा लावा. आता बंद पडत नसेल तर संशय एसएमपीएसवर किंवा केबलवर जातो. तरीही बंद पडत असेल तर तापमान आणि रॅमकडे वळा. ही दहा मिनिटांची तपासणी मला तेव्हा माहीत असती तर तीन आठवडे वाचले असते.

चाचणी पास झाली की उरलेल्या केबल एका पिशवीत घाला, पिशवीवर टेपनं एसएमपीएसचं मॉडेल लिहा आणि ती मूळ खोक्यात बिलाच्या प्रतीसोबत ठेवा. खोकं माळ्यावर टाकलंत तरी चालेल, रद्दीवाल्याला मात्र देऊ नका.